धुळीवरचा प्रबंध

ब्रायन मेवर लिहायला बसलं की पहिलं वाक्य आयतंच मिळतं: एकाच माणसात रॉकस्टार आणि खगोलशास्त्रज्ञ! वाक्यात खोटं काही नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा हा गिटारवादक. ‘वी विल रॉक यू’ हे गाणं त्यानंच लिहिलेलं. आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची खगोलभौतिकीतली पीएच.डी. त्यानं २००७ साली मिळवली, तीही रीतसर प्रबंध लिहून आणि तोंडी परीक्षा देऊन. माझी तक्रार आहे ती वाक्याच्या शेवटच्या उद्गारचिन्हाबद्दल. ते लागलं की सगळी गोष्ट दैवी देणगीच्या खात्यावर जमा होते, आणि दैवी देणगीपुढे हात जोडण्याखेरीज आपल्याला काही काम उरत नाही.

मला वाटतं, या माणसाच्या आयुष्यात देणगीचा वाटा आपण धरतो त्याहून कमी आहे. घरात कोणती हत्यारं होती, कॉलेजची फी कोण भरत होतं, अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजनं पुन्हा आत घेतलं की नाही, असल्या रुक्ष गोष्टींचा वाटा मोठा आहे. असं म्हटल्यानं ब्रायन मे लहान होत नाही. चमत्कार म्हटलं की चौकशी थांबते, आणि इथे चौकशी करण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात गिटारपासूनच करावी लागते. ब्रायनचा जन्म १९ जुलै १९४७चा, लंडनच्या पश्चिमेला असलेल्या हॅम्प्टनमधला. वडील हॅरॉल्ड मे विमानवाहतूक खात्यात ड्राफ्ट्समन होते. समोरचं काही दिसत नसताना विमान उतरवण्याच्या यंत्रणेवर ते काम करत, कॉन्कॉर्ड विमानाच्या कामातही त्यांचा हात होता. घरची स्थिती बेताची. १९६३ साली सोळा वर्षांच्या पोराला फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि ती घेणं घराला परवडणारं नव्हतं. तेव्हा बाप-लेकांनी ठरवलं, आपणच बनवू.

ती बनवायला दोनेक वर्षं लागली. नेकसाठी शंभरेक वर्षांच्या जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी लाकूड घेतलं. त्याला किडीनं पाडलेली भोकं होती, ती आगकाड्या ठोकून बुजवली. मधला ठोकळा एका जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा. पट्टीवरच्या खुणेच्या टिकल्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. ट्रेमोलोसाठी, म्हणजे दांडी दाबून सगळ्या तारांचा सूर एकदम खाली-वर करण्याच्या यंत्रणेसाठी, १९२८च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. दांडी सायकलच्या सीटमागच्या पिशवीच्या आधाराची आणि तिच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. एकूण खर्च आठ पौंड.

ही यादी जगभरच्या गिटारवेड्यांना पाठ असते, आणि ती सांगताना सूर नेहमी ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा कौतुकाचा लागतो. खरी गोष्ट त्या यादीच्या पलीकडे आहे. ट्रेमोलोचा त्या काळचा मोठा दोष असा की दांडी दाबून सोडली की तारा मूळ सुरावर परत येत नसत. कारण घर्षण. तार जिथे जिथे टेकते तिथे ती थोडी अडकते आणि ढिली केलेली तार पूर्ण ताणाला पोचत नाही. बाप-लेकांनी यंत्रणा पोलादी धारेवर तोलली, म्हणजे फिरताना घासण्याची जागा जवळजवळ उरलीच नाही, आणि ब्रिजवर तारांखाली फिरते छोटे रूळ बसवले. गिटारच्या अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, कारण अॅम्प्लिफायरमधून येणाऱ्या आवाजानं लाकूड स्वतः थरथरावं आणि सूर लांबत राहावा अशी पोराची इच्छा होती. पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून तिचा विद्युत संकेत करणारे भाग, त्यानं आधी घरीच चुंबक आणि तार गुंडाळून केले. ते वाजत होते, पण तार आडवी खेचली की विचित्र खरखर येई. चुंबकांचे ध्रुव आलटून-पालटून लावल्याचा तो परिणाम. मग बर्न्स कंपनीचे तीन तयार पिकअप विकत आणले आणि ते किंचाळू नयेत म्हणून अराल्डाइट ओतून घट्ट केले. प्रत्येक पिकअपला दोन बटणं दिली: एक चालू-बंद करायचं आणि एक त्याचा फेज उलटा करायचं.

म्हणजे विद्यापीठाचं तोंड पाहण्याआधी या पोरानं दोष ओळखला होता, त्याचं कारण शोधलं होतं, उपाय केला होता, फसलेला उपाय टाकून दिला होता. प्रयोगशाळेत याहून वेगळं काही करत नाहीत. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार तो आजही वाजवतो. वाजवताना प्लास्टिकच्या नखीऐवजी त्याच्या बोटांत सहा पेन्सचं जुनं नाणं असतं. ते नाणं चलनातून १९८० सालीच गेलं.

इथे एक मोह टाळायला हवा. संगीत आणि गणित मुळात एकच, म्हणून संगीतकार शास्त्रज्ञ होतात, असं एक गुळगुळीत वाक्य अशा लेखांत हमखास येतं. ते मला पटत नाही. तसं असतं तर प्रत्येक तबलजी संख्याशास्त्रज्ञ झाला असता. ब्रायनच्या बाबतीत दोन्हींना जोडणारी वस्तू गणिताहून साधी आहे. एकावर एक थर चढवत जाण्याचा आणि थर चढवताना मोजमाप न सोडण्याचा त्याला कंटाळा नाही. ‘वी विल रॉक यू’मधले पायांचे आणि टाळ्यांचे आवाज घ्या. हजारो लोक एकत्र पाय आपटताहेत असं ऐकताना वाटतं. प्रत्यक्षात लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत, मोजकी माणसं लाकडी फळ्यांवर पाय आपटत होती. तो आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून त्याच्या प्रती थोड्या थोड्या उशिरानं मिसळल्या. त्या उशिरांचं प्रमाण ब्रायननं मूळ संख्यांचं ठेवलं. साधं दुप्पट-तिप्पट प्रमाण ठेवलं असतं तर कानाला प्रतिध्वनी कळला असता. मूळ संख्यांनी तो विखुरला आणि कानाला गर्दी ऐकू आली. भौतिकशास्त्राचा पदवीधर इथे उपयोगी पडला हे खरं, पण उपयोगी पडायला आधी तो पदवीधर व्हावा लागला होता.

आणि तो झाला कसा? १९६०च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये विद्यापीठाची फी विद्यार्थ्याच्या घरातून जात नसे. १९६२च्या शिक्षण कायद्यानंतर स्थानिक प्रशासनं पदवीच्या विद्यार्थ्यांची फी भरत आणि घरची मिळकत पाहून राहण्या-खाण्यासाठी अनुदान देत. ब्रायन हॅम्प्टनच्या ग्रामर स्कूलमधून इम्पीरियलला गेला आणि १९६८ साली भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. ‘क्वीन’चा ड्रमर रॉजर टेलर दंतवैद्यकाला आला होता, ते सोडून त्यानं पुढे जीवशास्त्राची पदवी घेतली. इम्पीरियलच्या नोटीस बोर्डावर ब्रायननं ‘ड्रमर पाहिजे’ अशी चिठ्ठी लावली होती, तीवरून तो आला. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. आणि गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा, ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकलेला. त्याची शाळा तर आपल्या सातारा जिल्ह्यातली, पांचगणीचं सेंट पीटर्स. आठ वर्षांचा असताना तो तिथल्या वसतिगृहात आला आणि ‘हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथेच जमला.

चौघांत चौघे शिकलेले. रॉक संगीताला बंडखोरीची दंतकथा आवडते, शाळेतून हाकललेला नायक आवडतो. या बँडमागे मात्र सरकारी अनुदान, कॉलेजचा नोटीस बोर्ड आणि तालमीला मिळालेल्या वर्गखोल्या आहेत. ब्रिटननं १९९८ साली विद्यापीठात फी सुरू केली. आज ड्राफ्ट्समनचा मुलगा डोक्यावर कर्ज घेऊन पदवीधर होईल, आणि कर्ज असलेला पोरगा रात्री बँड आणि दिवसा धूळ असं चार वर्षं जगू शकेल का, याबद्दल मला शंका आहे.

ही धूळ म्हणजे ब्रायनच्या प्रबंधाचा विषय, राशिचक्रीय धूळ. ती काय, ते सांगायला हवं, कारण लेखांमध्ये हाच भाग एका ओळीत उरकतात.

राशिचक्र म्हटलं की आपल्याकडे लगेच पत्रिका निघते. इथला संबंध वेगळा आहे. सूर्य आणि ग्रह आकाशात ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात तिथे, ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत, बारीक धूळ पसरलेली आहे. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या-दहाव्या भागाएवढा. सूर्यप्रकाश तिच्यावर पडून विखुरतो आणि संध्याप्रकाश पुरता मावळल्यावर पश्चिमेला, किंवा पहाट फुटण्याआधी पूर्वेला, क्षितिजापासून वर चढत गेलेला फिकट शंकू दिसतो. तो राशिचक्रीय प्रकाश. आपल्या अक्षांशांवरून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटे चांगला दिसतो. अट एकच, चंद्र नको आणि गावाचे दिवे नकोत.

ही धूळ कायमची नाही. सूर्यप्रकाश शोषून पुन्हा फेकताना कणाचा वेग किंचित कमी होतो आणि तो हळूहळू गिरक्या घेत सूर्याकडे ओढला जातो. हजारो वर्षांत, सूर्यमालेच्या वयाच्या मानानं क्षणात, हा सगळा ढग झडून जायला हवा. तरीही तो आहे, याचा अर्थ त्याला सतत भर मिळते. धूमकेतू झिजतात, लघुग्रह एकमेकांवर आदळतात आणि नवी धूळ तयार होते. मग प्रश्न पडतो: कोणाची धूळ किती, आणि ती फिरते कुठल्या दिशेनं, किती वेगानं?

१९७०मध्ये इम्पीरियलला जिम रिंग आणि केन रे यांच्या हाताखाली ब्रायननं घेतलेला प्रश्न हाच. रीत सुंदर आहे. सूर्याच्या वर्णपटात काही ठरावीक जागी काळ्या रेषा असतात, त्यांतली एक मॅग्नेशियमची, हिरव्या रंगात, ५१८४ अँगस्ट्रॉमच्या आसपास (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबी मोजायचं अतिसूक्ष्म एकक). धुळीवरून येणारा प्रकाश सूर्याचाच असल्यानं ती रेषा त्यातही असते, पण धूळ हलत असल्यामुळे किंचित सरकलेली. किती सरकली ते मोजलं की वेग मिळतो. आता ‘किंचित’ म्हणजे किती ते पाहा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं फिरते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या दहा हजाराव्या भागानं. तेवढ्या वेगानं ही रेषा सरकते जेमतेम अर्धा अँगस्ट्रॉम. आणि हे मोजायचं आकाशातल्या सगळ्यांत फिकट प्रकाशांपैकी एकात. त्यासाठी फॅब्री-पेरो नावाचा वर्णपटमापक वापरला. त्यात समोरासमोर अगदी समांतर बसवलेल्या दोन अर्धपारदर्शक काचांमधून प्रकाश पुढे-मागे परावर्तित होत गाळला जातो. लंडनच्या आकाशात यातलं काहीच शक्य नव्हतं, म्हणून निरीक्षणं कॅनरी बेटांपैकी तेनेरीफेवरच्या वेधशाळेत, उंच डोंगरावर झाली. ‘टाय युअर मदर डाउन’ या ‘क्वीन’च्या दणदणीत गाण्याची मूळ धून ब्रायननं तेनेरीफेतच एका स्पॅनिश गिटारवर बांधली.

कामातून दोन शोधनिबंध निघाले. १९७२ साली एक ‘नेचर’मध्ये आला, १९७४ साली दुसरा रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात. प्रबंधही बराचसा लिहून झाला होता. मधल्या काळात हा गृहस्थ ब्रिक्सटनजवळच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवत होता. आणि १९७४ हेच ‘किलर क्वीन’चं वर्ष. बँड देशोदेशी फिरू लागला आणि प्रबंध कपाटात गेला.

वडिलांना हे फार लागलं. बराच काळ बाप-लेकांत धड बोलणं नव्हतं. ज्यानं दोन वर्षं खपून पोराबरोबर गिटार बनवली त्याच बापाला पोरानं ती वाजवून पोट भरावं हे पटेना. मला यात विसंगती वाटत नाही. स्वतःच्या पगारात कधीही न मावणारी पदवी पोराच्या हाताशी आली होती, आणि ती त्यानं कशासाठी सोडली? त्या वेळी तरी हातात एक-दोन रेकॉर्डच होत्या. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर त्यांचा विरोध मावळला. हे सांगून लोक वडिलांना चुकीचं ठरवतात. मी त्यांना चुकीचं मानत नाही. त्या काळात ज्या हजारो पोरांनी बँडसाठी शिक्षण सोडलं त्यांतल्या बहुतेकांच्या आई-बापांना मॅडिसन स्क्वेअर गार्डन पाहायला मिळालं नाही.

त्यानंतरचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर जाऊ. १९७५ची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, १९८५चं ‘लाइव्ह एड’, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचा मृत्यू, २००२ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभं राहून वाजवलेलं राष्ट्रगीत. या सगळ्यात भौतिकशास्त्राचं नाव क्वचितच येतं. एक ‘थर्टी-नाइन’ नावाचं गाणं मात्र आहे, १९७५चं, ब्रायनचंच. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करून परतलेल्या माणसांसाठी वर्षभराचा काळ गेलेला असतो आणि घरी शंभर वर्षं उलटलेली असतात, अशी त्याची कथा. आइन्स्टाइनची कालमंदता लोकगीताच्या चालीवर. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते खलाशांचं गाणं वाटलं.

आता २००६. मानद डॉक्टरेट तोपर्यंत त्याच्याकडे होती, हर्टफोर्डशायर विद्यापीठानं २००२ मध्येच दिली होती. नावाआधी डॉक्टर लावायची हौस असती तर ती तिथेच भागली असती. तरी इम्पीरियलच्या खगोलभौतिकी विभागाचे तेव्हाचे प्रमुख मायकेल रोवन-रॉबिन्सन यांनी त्याला मार्गदर्शक होण्याची तयारी दाखवली आणि हा साठीला टेकलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. मधल्या तेहेतीस वर्षांत या विषयात जगात जे जे झालं ते सगळं त्याला वाचावं लागलं आणि आपल्या जुन्या मापांशी पडताळून पाहावं लागलं. ते कमी नव्हतं. १९८३ साली आयरॅस उपग्रहानं अवरक्त किरणांत आकाश पाहिलं आणि धुळीचे वेगळे पट्टे सापडले, त्यांचं नातं लघुग्रहांशी जुळलं. इतर ताऱ्यांभोवतीही धुळीच्या चकत्या असल्याचं त्याच सुमारास दिसू लागलं. युलिसिस यानाला आपल्या सूर्यमालेबाहेरून वाहत येणारी धूळ भेटली. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या चमूनं तीच मॅग्नेशियमची रेषा आधुनिक उपकरणानं मोजली. कपाटात ठेवलेला विषय दरम्यान शिळा होण्याऐवजी ताजा झाला होता. २३ ऑगस्ट २००७ रोजी तोंडी परीक्षा झाली, पुढच्या वर्षी पदवीदान समारंभ झाला, प्रबंध पुस्तकरूपानंही आला. रीतसर झगा घालून, पांढऱ्या कुरळ्या केसांनिशी उभ्या असलेल्या ब्रायनचं आयझॅक न्यूटनशी इतकं साम्य दिसतं की खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनाही त्यावर विनोद केल्याशिवाय राहवलं नाही.

या प्रबंधाची वैज्ञानिक किंमत काय? चाहते हा प्रश्न विचारत नाहीत, आणि न विचारण्यात मला त्याचा थोडा अपमान दिसतो. उत्तर असं की किंमत माफक आहे आणि खरी आहे. धूळ मुख्यतः ग्रहांच्याच दिशेनं सूर्याभोवती फिरते या चित्राला त्याच्या मापांनी पुष्टी दिली, बाहेरच्या धुळीच्या शक्यतेचीही त्यात चर्चा आहे. त्यानं क्रांती झाली नाही, तो नोबेलच्या जवळपासचा माणूस नाही. पण विज्ञान चालतं ते बहुतांशी अशाच कामावर. कुणीतरी थंडीत डोंगरावर जाऊन एक रेषा अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आत मोजतो आणि तो आकडा पुढच्या माणसाच्या कामी येतो. ब्रायनचे १९७०च्या दशकातले आकडे २००७ साली उभे राहिले याचं श्रेय त्याच्या गिटारला नाही, त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या तेव्हाच्या चोख नोंदींना आहे.

पीएच.डी.नंतर तो स्वस्थ बसला असता तरी चाललं असतं. मला त्याचं सर्वांत आवडणारं वैज्ञानिक काम त्यानंतरचं आहे, आणि त्याचं मूळ पुन्हा लहानपणात आहे. वीटाबिक्सच्या खोक्यात मिळणाऱ्या चित्रांच्या जोड्या दोन डोळ्यांनी वेगवेगळ्या पाहिल्या की चित्राला खोली येते, याचं त्याला लहानपणापासून वेड. पुढे त्यानं एकोणिसाव्या शतकातली ‘लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी’ पुन्हा उभी केली. नासाचं ओसायरिस-रेक्स यान २०१८च्या डिसेंबरमध्ये बेन्नू या सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीच्या लघुग्रहापाशी पोचलं, तेव्हा अपेक्षेप्रमाणे मऊ सपाट वाळू सापडण्याऐवजी सगळीकडे दगडगोटे निघाले. उतरायचं कुठे, हा प्रश्न गंभीर झाला. ब्रायन आणि त्याची सहकारी क्लॉडिया मॅन्झोनी यांनी यानाच्या सुट्या छायाचित्रांतून योग्य जोड्या निवडून, कोन आणि अंतर जुळवून, त्रिमिती चित्रं तयार केली. दगड किती उंच, उतार किती, खळगा किती खोल, हे शास्त्रज्ञांना डोळ्यांनी पाहता आलं, आणि जागा निवडताना आकडेवारीच्या जोडीला ती चित्रंही होती. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानानं नमुना उचलला, २४ सप्टेंबर २०२३ रोजी तो युटाच्या वाळवंटात उतरला. भरला १२१.६ ग्रॅम. हे काम गंमत म्हणून कुणा प्रसिद्ध माणसाला दिलेलं नव्हतं. ते त्याला येत होतं म्हणून दिलेलं होतं.

मात्र याच माणसाच्या आयुष्यात एक जागा अशी आहे जिथे मला सावध व्हावंसं वाटतं: बॅजर. इंग्लंडमधल्या गाईगुरांत क्षयरोग पसरतो, बॅजर हा जंगली प्राणीही तो वाहतो, म्हणून २०१३पासून सरकारी परवान्यानं बॅजर मारले जाताहेत, आतापर्यंत दोन लाखांहून जास्त. ब्रायननं २०१० साली प्राण्यांसाठी संस्था काढली आणि या हत्येविरुद्ध तो रस्त्यावर उतरला. त्याच्या बाजूनं पुरावा आहे. १९९८ ते २००५ या काळात झालेल्या मोठ्या सरकारी चाचणीचा २००७चा निष्कर्ष असा होता की बॅजर मारून ब्रिटनमधल्या क्षयाच्या नियंत्रणाला अर्थपूर्ण मदत होणार नाही. पण नंतरच्या काही अभ्यासांत, जिथे हत्या झाली तिथे गुरांतला रोग उतरल्याचंही दिसलं आहे आणि वाद मिटलेला नाही. अशा वादात ‘डॉक्टर मे, खगोलशास्त्रज्ञ’ ही पाटी कामाची नाही. धुळीच्या वेगावरचा अधिकार गोठ्यातल्या जंतूवर चालत नाही. त्याच्या आधीच्या भाषणांत मला शास्त्रज्ञापेक्षा प्राण्यांवर जीव असलेला माणूसच जास्त ऐकू येई. तसं असण्यात वाईट काही नाही, फक्त दोघांत गल्लत होऊ नये. २०२४ साली बीबीसीवर आलेल्या त्याच्या माहितीपटात मात्र सूर बदललेला दिसला. नेहमीच्या कातडीच्या चाचणीतून निसटणारी रोगी जनावरं शोधायची कशी, शेण-मुतातून रोग कळपातल्या कळपात पसरतो का, हे तो एका पशुवैद्याबरोबर, शेतकऱ्याच्या गोठ्यात वर्षानुवर्षं उभा राहून विचारत होता. तिथे तो पुन्हा आपल्या मूळ स्वभावाला आला. ते निष्कर्ष टिकतील की नाही, ते पुढच्या चाचण्या ठरवतील.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा लेख मराठीत आहे. आपल्याकडे असे लोक नाहीत असं नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि १९६९ साली व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. अश्विनी भिडे-देशपांडे जयपूर घराण्याच्या गायिका आहेत आणि जीवरसायनशास्त्रातल्या पीएच.डी.ही आहेत. यांचं कौतुक आपण करतो, पण कौतुकाच्या पोटात एक वाक्य असतंच: मग एवढं शिकून काय उपयोग झाला? शिक्षण म्हणजे नोकरीपर्यंत नेणारा रस्ता, आणि त्यावरून उतरलं की ते वाया गेलं, हे आपल्या मध्यमवर्गाच्या अंगात मुरलं आहे. दहावीनंतर विज्ञान की कला हे ठरतं आणि ते आयुष्यभराचं ठरतं. हॅरॉल्ड मे आपल्या प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की मुलगा पन्नासाव्या वर्षी परत यायचं म्हणाला तर दार उघडं आहे का?

नियम सांगतात की नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला आणि अपंग विद्यार्थ्यांना त्यावर दोन. मग नोंदणी संपते. यामागची भीती मला कळते. वर्षानुवर्षं रेंगाळणारे, फक्त नाव लावून बसणारे लोक विद्यापीठांनी पाहिले आहेत, आणि जुनं संशोधन नवं म्हणून खपवण्याचा धोका खरा आहे. पण त्या धोक्यावरचा उपाय इम्पीरियलनं केला तोच आहे. त्यांनी कॅलेंडर बाजूला ठेवलं आणि प्रबंध तपासला, मधल्या तेहेतीस वर्षांचं सगळं वाचून आणायला लावलं, परीक्षकांपुढे बसवलं. ब्रायनकडे पैसा होता, नाव होतं, नोकरी सोडून वर्षभर अभ्यास करण्याची मोकळीक होती. म्हणून त्याच्यासाठी दार उघडणं सोपं गेलं असेल. जिनं घरासाठी, बाळंतपणासाठी, बदलीसाठी किंवा नुसत्या पोटासाठी प्रबंध अर्ध्यावर सोडला, तिच्याकडे यातलं काही नसतं, फक्त नीट ठेवलेल्या नोंदवह्या असतात. आयोगानं आणि आपल्या विद्यापीठांनी एवढी एक तरतूद करावी: मुदत संपलेल्या विद्यार्थ्याला, त्याचं जुनं काम तज्ज्ञांनी तपासून योग्य ठरवलं तर, कितीही वर्षांनी नवी नोंदणी मिळावी आणि ते जुनं काम त्यात धरलं जावं.